आधी धुराडे, मग तराजू

तुतिकोरिनच्या तांबे प्रकल्पाविषयीचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले, तर ते एकाच कारखान्याविषयी आहेत यावर विश्वास बसणे अवघड जाते. पहिला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१३ रोजी दिला. कंपनीने प्रदूषण केले आणि बराच काळ वैध संमतीपत्राविना कारखाना चालविला, हे त्या न्यायालयाने मान्य केले. तरीही टाळे लावण्याऐवजी त्याने १०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली आणि धुराडे पेटते ठेवले. दुसरा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईत दिला. तो ८१५ पानांचा आहे. अर्थकारण आणि पर्यावरण समोरासमोर उभे ठाकले, तर पर्यावरणाचेच पारडे जड मानावे लागेल, अशी भूमिका घेऊन त्या खंडपीठाने कंपनीच्या साऱ्या याचिका फेटाळल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दुसरा निकाल उचलून धरला आणि त्याच वर्षी फेरविचार याचिकाही निकालात काढली.

या विसंगतीचे स्पष्टीकरण न्यायमूर्तींच्या स्वभावात शोधणे सोपे आहे, पण ते फारसे उपयोगाचे नाही. तांब्याची मळी, जिप्समचे ढीग, भूजलाची अवस्था, वायुगळती या तक्रारी दोन्ही वेळी थोड्याफार फरकाने त्याच होत्या. बदलले ते पारड्यात काय घातले गेले एवढेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तराजू हाती घेण्याची वेळ. धोरण ठरविताना परिणाम आणि किंमत यांचा विचार झाला पाहिजे, हे तत्त्व आता कोणीही नाकारीत नाही. तो विचार कोणत्या टप्प्यावर होतो आणि त्या टप्प्यावर कोणाचे आकडे तयार असतात, याची चर्चा मात्र क्वचितच होते. स्टरलाइटचे प्रकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे, आणि त्याचा आरंभ तामिळनाडूत नव्हे, कोकणात होतो.

१९९२ साली महाराष्ट्र सरकारने या प्रकल्पासाठी रत्नागिरीत औद्योगिक विकास महामंडळाची ५०० एकर जमीन दिली होती. आंबा, काजू आणि मासळी यांवर पोट असलेल्या जिल्ह्यात तांबे वितळविण्याची भट्टी नको, या मागणीसाठी स्थानिक लोक रस्त्यावर उतरले. आंदोलन वर्षभर चालले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी कंपनीला बांधकाम थांबविण्यास सांगितले आणि प्रकल्प रत्नागिरीतून उठला. त्या वेळी राज्याच्या हातून मोठी गुंतवणूक गेल्याची हळहळ मुंबईतल्या उद्योगवर्तुळात व्यक्त झाली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र त्या निर्णयाची किंमत काय होती, हे आज मागे वळून पाहता येते. अर्धवट बांधकाम, गोठलेले भांडवल आणि सरकारची थोडीफार नामुष्की, एवढ्यावर ते भागले. कोणाची नोकरी गेली नाही, कारण ती अजून लागायची होती. बंदराची मालवाहतूक घटली नाही, कारण ती सुरूच झाली नव्हती. धुराडे उभे राहण्यापूर्वी घेतलेला निर्णय, मग तो बरोबर असो वा चूक, स्वस्तात पडतो.

कंपनी दक्षिणेकडे वळली तेव्हा तामिळनाडूने तिचे स्वागत केले. १ ऑगस्ट १९९४ रोजी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ना-हरकत प्रमाणपत्र दिले. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रापासून कारखाना २५ किलोमीटर दूर असावा, अशी अट त्यात होती. प्रत्यक्षात जागा निवडली गेली ती मन्नारच्या आखाताजवळ. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, पुढे १९९८ च्या अहवालात हे अंतर १४ किलोमीटर असल्याचे नोंदविले. कारखान्याभोवती २५० मीटर रुंदीचा हरितपट्टा हवा, ही दुसरी अट. कंपनीने ती जाचक असल्याचे कळविले आणि मंडळाने पट्टा २५ मीटरवर आणून ठेवला. ऑक्टोबर १९९४ मध्ये मुख्यमंत्री जयललिता यांच्या हस्ते पायाभरणी झाली, जानेवारी १९९५ मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली. जनसुनावणी झाली नाही. कायद्याने ती बंधनकारक केली १९९७ मध्ये. तोवर भट्टी पेटली होती.

अडीचशे मीटरचे पंचवीस मीटर झाले तेव्हा त्या सव्वादोनशे मीटरची किंमत कोणी मांडली होती? मंडळाचे मुख्यालय चेन्नईत गिंडी येथे, सचिवालय सेंट जॉर्ज किल्ल्यात, उच्च न्यायालय पॅरिसच्या नाक्यावर. आणि तुतिकोरिन तिथून सुमारे सहाशे किलोमीटर दक्षिणेला. कंपनीचे आर्जव फायलीवर होते. शेजारच्या गावांचे म्हणणे फायलीवर येण्याची सोयच त्या काळच्या नियमांत नव्हती. तराजू होता, पण त्याला एकच पारडे होते.

न्यायालयीन लढाई १९९६ पासून सुरू झाली. पर्यावरणवादी संस्थेबरोबर वायको यांच्यासारखे राजकीय नेतेही याचिकाकर्ते होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. थोड्याच दिवसांत तो चाचणीपुरता सुरू करू दिला गेला, आणि नंतरचे तज्ज्ञ अहवाल पूर्वीपेक्षा मवाळ आले. अंतिम निकाल लागायला २८ सप्टेंबर २०१० उजाडले. उच्च न्यायालयाने पुन्हा बंदीचाच आदेश दिला आणि तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. याचिका दाखल झाल्यापासून निकालापर्यंतच्या चौदा वर्षांत कारखाना वाढत राहिला, त्याची क्षमता वर्षाला चार लाख टनांपर्यंत पोहोचली आणि देशातील तांब्याच्या उत्पादनाचा फार मोठा हिस्सा या एका ठिकाणाहून येऊ लागला. विलंबाचा तोटा दोन्ही पक्षांना होतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. या प्रकरणात विलंबाने एका पक्षाचे वजन दरवर्षी वाढविले.

हे वजन २०१३ च्या निकालात उघड दिसते. न्या. ए. के. पटनायक आणि न्या. एच. एल. गोखले यांच्या खंडपीठाने कारखान्याच्या बाजूने ज्या गोष्टी विचारात घेतल्या, त्यांची यादी निःसंदिग्ध आहे. सुमारे १,३०० कर्मचारी आणि त्याखेरीज कंत्राटी कामगार, पूरक उद्योग, केंद्र व राज्याला मिळणारा अबकारी, सीमाशुल्क, आयकर आणि मूल्यवर्धित कराचा महसूल, तुतिकोरिन बंदराच्या एकूण मालवाहतुकीतला १० टक्के वाटा, संरक्षण, वीज, वाहन आणि बांधकाम या क्षेत्रांना लागणारे तांबे. प्रत्येक बाबीमागे आकडा किंवा आकडा मिळण्याची सोय आहे. जनसुनावणीचा अभाव आणि जागेचे अंतर हे उच्च न्यायालयाने धरलेले मुद्दे मात्र बंदीस पुरेसे ठरले नाहीत.

दुसऱ्या पारड्यात काय होते? १९९७ ते २०१२ या काळात प्रदूषण झाले, हा निष्कर्ष होता. पण किती विहिरी बिघडल्या, किती एकर जमीन नापीक झाली, किती कुटुंबांना श्वसनाचे विकार जडले, याचा तक्ता नव्हता. तेव्हा भरपाईची रक्कम ठरविण्यासाठी न्यायालयाला दिल्लीतील ओलियम वायुगळती प्रकरणातील १९८६ च्या निकालाचा आधार घ्यावा लागला. भरपाई कंपनीच्या आकारमानाशी आणि ऐपतीशी प्रमाणबद्ध असावी, म्हणजे तिचा धाक राहील, असे ते तत्त्व. घसारा, व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या साधारण १० टक्के, अशा हिशेबाने १०० कोटींचा आकडा निघाला. ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यांकडे मुदत ठेवीत ठेवायची आणि तिच्या व्याजातून परिसरातील पाणी व माती सुधारायची, असा आदेश झाला.

धाक बसविण्याच्या दृष्टीने हे सूत्र सदोष नाही. पण त्यात एक गोम आहे. नुकसानीची रक्कम नुकसान मोजून नव्हे, तर नुकसान करणाऱ्याचा ताळेबंद पाहून ठरली. कंपनीचा नफा निम्मा असता तर त्याच विहिरींची किंमत ५० कोटी झाली असती, आणि कंपनी तोट्यात असती तर काय, याचे उत्तर त्या सूत्रात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कारखाना पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी केली तेव्हा कंपनीने स्थानिकांच्या कल्याणासाठी तीन वर्षांत खर्चावयाची रक्कमही १०० कोटीच होती. पाच वर्षांत एवढे घडून गेले, पण गोल आकडा काही हलला नाही.

दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता, असेही म्हणता येत नाही. तो तामिळनाडूतच, वेल्लोरमध्ये चोखाळला गेला होता. पालार नदीच्या खोऱ्यातील चर्मोद्योगाविषयी ऑगस्ट १९९६ मध्ये न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल प्रसिद्ध आहे तो सावधगिरीचे तत्त्व आणि 'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व भारतीय कायद्यात आणल्याबद्दल. त्याचा अधिक व्यवहारी भाग विस्मरणात गेला आहे. नुकसान मोजण्यासाठी आणि बाधित कुटुंबे निश्चित करण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे त्या निकालाने केंद्राला फर्माविले. प्राधिकरण नेमले गेले, त्याने गावोगाव मोजणी केली आणि २००१ मध्ये २९ हजारांहून अधिक बाधितांसाठी सुमारे २६ कोटी ८२ लाख रुपयांची भरपाई ५४७ चर्मोद्योगांवर बसविली. रक्कम तुतिकोरिनच्या तुलनेत लहान आहे, पण ती कोणाला आणि कशासाठी, हे सांगता येते. अर्थात मोजले म्हणून प्रश्न सुटला असे नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्याच खोऱ्याविषयी पुन्हा आदेश द्यावे लागले. सारी भरपाई पोहोचवा, प्रदूषण थांबेपर्यंतच्या पुढच्या काळाचीही मोजा, पाहणीसाठी समिती नेमा, हे सांगायला जवळपास तीन दशके गेली.

तुतिकोरिनमध्ये दुसरे पारडे भरले ते मोजणीने नव्हे. कारखान्याची क्षमता दुप्पट करण्याच्या बेताविरुद्ध २०१८ च्या आरंभी आंदोलन सुरू झाले. एप्रिलमध्ये प्रदूषण मंडळाने संमतीपत्राचे नूतनीकरण नाकारले. २२ मे रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, जिल्हाधिकारी कार्यालयावर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. या घटनांत १३ जणांचा बळी गेला. त्यानंतर सहाव्या दिवशी एडप्पाडी पळनिस्वामी यांच्या सरकारने एक छोटासा आदेश काढला. घटनेच्या ४८-अ अनुच्छेदाचा आणि जलप्रदूषण कायद्याचा दाखला देऊन कारखाना कायमचा बंद करण्यास मंडळाला सांगण्यात आले. मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर झाले.

या आदेशात किंमत आणि परिणाम यांचा विचार झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विचार झाला, पण तो वेगळ्या चलनात. विहिरीतल्या आर्सेनिकने वीस वर्षे जे साधले नाही, ते निवडणुकीच्या गणिताने सहा दिवसांत साधले. द्रविडी राजकारणातले दोन्ही पक्ष एरवी एकमेकांचा एकही निर्णय टिकू देत नाहीत. २०२१ मध्ये सत्तांतर झाल्यावर मात्र द्रमुक सरकारने हीच बंदी दिल्लीत तितक्याच हिरिरीने लढविली. माजी न्यायमूर्ती अरुणा जगदीशन यांच्या आयोगाचा अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये विधानसभेपुढे आला. गोळीबार विनाकारण होता, असा ठपका त्यात आहे. कारखान्याच्या हिशेबात ही बाब कोठे धरायची, हे कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही, कारण परवान्याच्या खटल्यात तिला जागा नव्हती.

२०२० चा उच्च न्यायालयाचा निकाल न्या. टी. एस. शिवज्ञानम आणि न्या. व्ही. भवानी सुब्बरायन यांच्या खंडपीठाचा. परवानगीच्या अटी, भंगाच्या तारखा आणि मंडळाची ढिलाई यांची त्याने केलेली छाननी इतकी बारीक आहे की पूर्वीच्या कोणत्याही निकालाशी तिची तुलना होऊ नये. तरीही एका बाबतीत तो २०१३ च्या निकालाचे प्रतिबिंब आहे. तिथे नुकसानीचे पारडे रिकामे होते, इथे लाभाचे पारडे तत्त्वतःच बाजूला ठेवले गेले. कारखाना बंद झाल्याने थेट आणि कंत्राटी कामगारांचे, मालमोटारींच्या मालकांचे, गंधकाम्ल आणि जिप्सम विकत घेणाऱ्या लहान कारखान्यांचे काय झाले, याचा तक्ता सरकारने न्यायालयापुढे मांडला नाही आणि न्यायालयाने मागितला नाही. शुद्ध तांब्याचा निर्यातदार असलेला भारत २०१८-१९ पासून निव्वळ आयातदार झाला. वीजवाहिन्या, सौरऊर्जा आणि विजेवर चालणारी वाहने यांना तांबे लागणारच आहे. ते चिलीतून वा जपानमधून आले तर तिथल्या भट्टीचा धूर तुतिकोरिनला दिसत नाही, इतकेच. बंदी योग्य होती, असे मानणाऱ्यालाही हा खर्च कागदावर दिसायला हवा होता. बंदीचा खर्च लपविला की बंदीचा निर्णय भावनेच्या भरात झाला, असे म्हणण्याची सोय प्रतिपक्षाला आयतीच मिळते.

साऱ्या प्रकरणात एकदाच, तेही अवघ्या तीन महिन्यांपुरते, वजन-माप सरळ झालेले दिसते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत प्राणवायू मिळेनासा झाला. कारखान्यात प्राणवायूनिर्मितीचे संयंत्र होते. चेन्नईत सर्वपक्षीय बैठक झाली. २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलैपर्यंत फक्त प्राणवायू तयार करण्यास मुभा दिली. तांब्याची भट्टी बंदच राहील, देखरेख समिती असेल, आणि या सवलतीवरून पुढे कोणताही हक्क सांगता येणार नाही, हे आधीच ठरले. हेतू कोणता, मुदत किती, पाहणी कोणाची, हे तिन्ही यंत्र सुरू होण्यापूर्वी लिहिले गेले. १९९४ मध्ये ना-हरकत देताना एवढी शिस्त पाळली गेली असती, तर पुढच्या बऱ्याच निकालपत्रांचा कागद वाचला असता.

२९ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दोन्ही पारड्यांचा निदान उल्लेख केला. असा उद्योग बंद करणे ही पहिली पसंती असू शकत नाही, देशाच्या उत्पादनात, रोजगारात आणि महसुलात त्याचा वाटा आहे, हे त्यात मान्य केले आहे. पण भंग पुनःपुन्हा झाले आणि गंभीर होते, आणि परिसरातील रहिवाशांचे आरोग्य सर्वाधिक महत्त्वाचे, म्हणून हस्तक्षेप नाही, असा निष्कर्ष निघाला. उप्पार नदीकाठच्या खासगी जमिनीसह अकरा ठिकाणी टाकलेली मळी, घातक कचऱ्याच्या हाताळणीसाठी न घेतलेली परवानगी, न दिलेले भूजल अहवाल यांवर तो उभा आहे. यांतील बहुतेक गोष्टी प्रदूषण मंडळाच्या निरीक्षकाने पहिल्याच वर्षी पाहाव्यात अशा आहेत. कंपनीने दरम्यान, २०२२ मध्येच, कारखाना विक्रीस काढला होता.

तुतिकोरिनचा धडा दिल्लीत कोणत्या रीतीने वाचला जातो, याचे उत्तर अलीकडच्या एका प्रकरणात मिळते. मुंबईच्या 'वनशक्ती' या संस्थेच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुइयाँ यांनी १६ मे २०२५ रोजी, काम सुरू झाल्यानंतर मागाहून पर्यावरण मंजुरी देण्याची पद्धत बेकायदा ठरविली. सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. बहुमताचे मुख्य कारण किमतीचे होते. निकाल कायम राहिला तर सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले सुमारे २० हजार कोटींचे प्रकल्प पाडावे लागतील, त्यांत रुग्णालय आहे, विमानतळ आहे. न्या. भुइयाँ यांनी असहमती नोंदविली. उभ्या इमारतीची किंमत कंत्राटदाराच्या बिलावरून क्षणात सांगता येते. ती न विचारता बांधली गेली म्हणून काय बिघडले, हे सांगण्यासाठी बांधकामापूर्वीची नोंद लागते, आणि मंजुरीच मागाहून मागितली असल्याने ती नोंद नेमकी नसते. मूळ प्रश्नावरची सुनावणी नव्याने व्हावी, असे बहुमताने ठरविले.